मागच्या सीटखाली

गाडी बघायची ती थंड असताना.
"तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली,"
असं मालक म्हणाला की माझे कान टवकारतात.
गायधनीबाईंनी तसं केलं नव्हतं.
जेलरोडच्या सोसायटीत शेवटच्या खांबाशी
रात्रभर उभी होती ती,
काचेवर कडुनिंबाच्या काड्या.

बटण दाबलं. काही झालं नाही.
पिंगळ्यांचा किशोर घाबरला, "बंद पडली का हो?"
चालू आहे बाबा. हायब्रिड अशीच असते,
हिरवा दिवा लागला की जिवंत समजायची.
द्वारकेच्या गॅरेजात वीस वर्षं कमावलेला कान
हिच्यापुढे अर्धा फुकट.

अर्धाच. कारण मग इंजिन आपणहून जागं होतं,
आणि जागं होताना अंग झटकलं तर
हेड गास्केट, नाहीतर ईजीआरमध्ये काजळी.
मी चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला होता.
चहात एक वर्तुळ उमटलं नाही.

इन्व्हर्टरच्या टाकीचं झाकण काढलं.
आत पाणी हलत होतं. हलायलाच हवं.
ते थांबलं की पंप गेला,
आणि मग गाडी कुठं उभी राहायची ते आपण ठरवत नाही,
ती कसाऱ्याचा घाट निवडते.

नारिंगी तारांना हात नाही लावायचा,
किशोरला दोनदा सांगितलं.
नंतर तो हात मागे बांधूनच फिरत होता.

या गाड्या ब्रेक कमी झिजवतात,
लोकांना वाटतं, म्हणजे चांगलेच असणार.
न वापरूनही वस्तू जाते.
मागच्या डिस्कवर गंजाची खपली धरलेली.
"फार काढत नाही का बाई?"
"भाजीला मी पायीच जाते."

सिन्नर फाट्यापर्यंत फेरी मारली, परत बिटकोवरून.
गतिरोधकावर पुढचं डावं खडखडलं:
लिंक रॉड, किरकोळ काम.
पण पडद्यावर बॅटरीच्या कांड्या भरल्या तशा उतरल्या,
फारच लगेच,
आणि पुलाच्या चढाला मागून पंखा घुमायला लागला,
शेजारणीच्या मिक्सरसारखा.

मग मागची सीट.
तिच्या कडेला एक जाळी असते,
बॅटरी तिथून हवा ओढते,
माणसं तिथं पिशव्या टेकवतात.
जाळी काढली. फिल्टर हातात आला
घोंगडीच्या तुकड्यासारखा, जाड, पिवळट.
धूळ नव्हती ती. केस होते.

"चिवडा," बाई म्हणाल्या.
किशोरला वाटलं, खायला विचारतायत. नको म्हणाला.
"आमचा कुत्रा. ह्याच खिडकीशी बसायचा.
मला प्रेसच्या गेटवर सोडायला यायचा रोज,
ह्यांच्याबरोबर."
बोलताना त्यांनी मागच्या सीटकडे बघितलं.
पुढच्या सीटकडे नाही.

हिशेब सांगावाच लागतो, सांगितला.
फिल्टर तुंबला, पंखा दमला, सेल तापले,
स्कॅनरवर दोन ब्लॉक बाकीच्यांच्या मागे पडलेले दिसतात.
आज ना उद्या बॅटरी जाणार.
साठ हजार कमी करा.
"करा," म्हणाल्या.

हे मला आवडत नाही.
भावाला समोरच्यानं थोडं भांडावं,
म्हणजे आपण बरोबर असूनही
चोरासारखं वाटत नाही.

बाई कागद आणायला वर गेल्या,
आरसी, विमा, दुसरी किल्ली.
मी फिल्टर नळाखाली धरला. पाणी आधी मातकट, मग स्वच्छ.
केसांचा गोळा कुंडीत टाकणार होतो,
टाकला नाही.
गॅरेजात आहे, वॉशरच्या डब्याशेजारी.
पोरांनी विचारलं की सांगतो:
तुंबलेला फिल्टर असा दिसतो.

आणखी एक बघायचं असतं.
डिकीत, कोपऱ्यात, बारा व्होल्टची छोटी बॅटरी.
ती बसली की एवढी मोठी असून उपयोग नाही,
गाडी दारही उघडत नाही.

ती बघायची राहिली त्या दिवशी.
किशोरला फोन करायला हवा.